पुन्हा झाडलेला ट्रेलर

सोमवार, रात्री

मी झाडला होता. हे आधी लिहून ठेवते. वाटेत कढीपत्त्याची कुंडी कलंडली होती, तिची माती कोपऱ्याकोपऱ्यातून हाताने काढली, वरून बादलीभर पाणी ओतलं, ताडपत्री घडी घालून ठेवली. कुलपाची किल्ली परत देताना खालचे आजोबा, ट्रेलर त्यांचा, नेहमीसारखं ‘पास्ट शो’ म्हणाले. म्हणजे चालतंय की. वर येऊन चहा टाकला, सहज खिडकीतून खाली बघितलं, तर आजोबा ट्रेलर झाडत होते. लांब दांड्याच्या झाडूने, सावकाश, कडेकडेने.

झालं ते एवढंच. रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि मी जागी आहे.

घरातले इंजिनिअर म्हणाले, “अगं, स्टुटगार्ट आहे हे.” माहितेय मला. केरवोखची, म्हणजे झाडण्याच्या पाळीची, पाटी दारावर लटकली की आठवडाभर जिना आपला. नवी होते तेव्हा गंमत वाटली होती, एवढ्या लांब येऊनही ‘केर’ काही सुटला नाही. आणि सोळा वर्षं काढतेच आहे तो. माझ्या आठवड्यात पायरीवर पान दिसणार नाही. मग?

खरं बोचतंय ते मागणं. लहानपणी वाटीभर साखर मागायला आई मलाच पिटाळायची, आणि मी दाराशी उभी राहून आधी काकूंच्या तब्येतीची चौकशी करायचे. अजून तसंच. यंदा चार वेळा ट्रेलर मागितला. दोनदा बागेच्या खतासाठी, एकदा जुना सोफा भंगारात नेऊन टाकायला आणि काल कार्ल्सरूहला, मुलाचं सामान पोचवायला. दर वेळी आधी हवापाण्याच्या गप्पा, मग गुडघ्याचं ऑपरेशन, मग ट्रेलर. त्यांनाही कळत असणार.

कालचं सामान फार नव्हतं. पलंग, टेबल, सायकल, आणि तो नको नको म्हणत असताना मी कोंबलेला कुकर. जाताना सगळा वेळ ताशी ८० ने. येताना रिकामा ट्रेलर इतका खडखडत होता की दोघांपैकी कुणीच बोललं नाही. असो.

मंगळवार

स्वतःचा घ्यायचा. ठरलं.

इंजिनिअरांनी लगेच हिशेब मांडला. भाड्याने मिळतो, वर्षातून चारदा लागतो, विकत कशाला? बरोबर आहे त्यांचं. त्यांना कुणाच्या दाराशी उभं राहावं लागत नाही.

गाडीला मागे आकडा आहेच, सायकलींसाठी बसवलेला. गाडीचे कागद काढले. ओ.१ च्या रकान्यात ब्रेकवाल्या ट्रेलरचं वजन, ओ.२ मध्ये बिनब्रेकच्या. आमच्या चिमुकल्या गाडीचं ओ.२ आहे ५८० किलो. बाजारात दिसणारे सगळे छोटे ट्रेलर ७५० चे, साध्या बी लायसन्सवर चालणारे. पण गाडी ५८० च ओढणार, आणि त्यात ट्रेलरचं स्वतःचं वजनही आलं. ते सव्वाशे-दीडशे धरा. उरले साडेचारशेच्या आत-बाहेर. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, तीस सेंटीमीटर खोल डबा काठोकाठ ओल्या मातीने भरला तर टनाच्या घरात जातो. म्हणजे खत चालेल, पालापाचोळा चालेल, माती निम्मीसुद्धा नाही. आजोबांच्या ट्रेलरमध्ये मी आजवर काय काय भरलं ते आठवून अंगावर काटा आला. ते बघत होते, काही बोलले नव्हते. पास्ट शो.

ओझं कुठे ठेवायचं याचेही नियम आहेत. आसाच्या जरा पुढे, म्हणजे आकड्यावर थोडा भार पडतो. मागे जास्त झालं की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. हे मात्र मला शिकवायला नको. आजोबा, माझे, सांगलीचे, बैलगाडी भरताना ओरडायचे, “मागं नको, उलाळ हुईल!” पन्नास किलो आकड्यावर, बाकी चाकांवर. गणित तेच, बैल तेवढे गेले.

पण ठेवायचा कुठे? सोडवलेला ट्रेलर रस्त्यावर दोन आठवड्यांहून जास्त उभा करता येत नाही. उभा करून भिंतीला टेकवता येतो असे मिळतात, महाग आहेत. आमच्या गॅरेजमध्ये भिंत कुठे दिसते? तिथे त्याची जुनी सायकल, स्लेज, खोकी… ती आत्ता काढायची नाहीत.

गुरुवार

आज एक फजिती झाली.

परवा आजोबांना बेसनाचे लाडू दिले होते, ट्रेलरच्या बदल्यात म्हणून. डबा आज परत आला. घासून, पुसून, आत घरच्या जॅमची बाटली. (रिकामा डबा परत करायचा नाही हे त्यांना कुणी शिकवलं?) मी बाटली काढली, डबा सिंकमध्ये ठेवला आणि घासायला लागले. निम्मा घासून झाल्यावर हात थांबला.

अस्साच घासते मी. प्रत्येकाचा. समोरची घासून देते, मी परत घासते. तिचा अपमान करायचा असं कधी मनातही आलेलं नाही.

हसायला आलं, मग थोडी लाजही. मग तरी वाटलं, डबा वेगळा, ट्रेलर वेगळा. डब्यात खातो आपण. आणि त्यांनी निदान मी पडदा ओढेपर्यंत थांबायला हवं होतं. उरलेला डबा घासून टाकला.

शनिवार

एस्लिंगेनजवळ एक जुना ट्रेलर होता. फोटोत चकाचक. किंमत नव्याच्या निम्मी, ताडपत्रीसकट. इंजिनिअर मीटिंगमध्ये. मी खाली गेले. हवापाणी नाही, गुडघा नाही, थेट विचारलं, “येता का बघायला?” आजोबा आत गेले आणि टॉर्च घेऊन आले.

विकणारा गोड बोलत होता. फार वापरलाच नाही म्हणे, टायरची नक्षी बघा. नक्षी खरंच नव्यासारखी होती. तेरा पिनांचा प्लग होता, आमच्या गाडीला चालणारा, दिवे लागत होते. मी मनात हो म्हणून मोकळी झाले होते. आजोबा एक हात चाकावर टेकवून मोठ्या कष्टाने खाली बसले, त्या गुडघ्यावर. टॉर्च टायरच्या बाजूला धरून मला जवळ बोलावलं. शेवटचे चार आकडे: ३६१३. सन २०१३ चा छत्तिसावा आठवडा. रबरावर केसासारख्या भेगा. ट्रेलरचे टायर झिजत नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात, म्हणाले. मग तळाच्या फळीला खालून नखाने टोचलं. नख आत गेलं.

विकणारा म्हणाला, टायर बदलून घ्या, त्यात काय. मी आजोबांकडे बघितलं. त्यांच्या तोंडून काय येणार मला पाठ होतं.

“नॉय,” आजोबा म्हणाले, चक्क नाही, आणि उठायला माझ्यापुढे हात केला.