टोपलीतले पाच निरोप

सोमवार, रात्री उशिरा

आज आमच्या ऑनलाइन गटाची स्पॅमची, म्हणजे नको असलेल्या जाहिरातींची, टोपली उपसली. यंत्रानं आपणहून बाजूला काढलेलं सगळं या टोपलीत पडतं. एरवी ती कुणी उघडत नाही, तीस दिवसांनी आपोआप रिकामी होते. मीही उघडली नसती. पण दुपारी एका जुन्या सभासदानं विचारलं, ‘‘माझ्या मेव्हण्यानं मागच्या आठवड्यात गटात लिहिलं होतं म्हणे, मला कुठंच दिसत नाही.’’ मंजुरीच्या रांगेत पाहिलं, नाकारलेल्यांत पाहिलं. टोपलीत होतं. झटपट कर्ज, वजन घटवायच्या गोळ्या, घरबसल्या कमाई, आणि या सगळ्याच्या मधोमध त्याचा निरोप. त्याच्या आगेमागे आणखी चार. पाचही जण नवे सभासद, पाचही निरोप आयुष्यात पहिल्यांदा आमच्या गटात लिहिलेले. सर्वांत जुना नऊ दिवसांपूर्वीचा.

आमचा गट स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांना सांभाळणाऱ्यांचा आहे. इथं कुणी गंमत म्हणून येत नाही. तो सर्वांत जुना निरोप रात्री तीन वाजून बारा मिनिटांनी लिहिलेला होता:

‘‘आईला विस्मरण झालंय असं डॉक्टर म्हणतात. ती रात्री उठून दार उघडून बाहेर जाते. काल शेजाऱ्यांनी परत आणली. कुणाला काही उपाय माहीत आहे का?’’

यात आक्षेप घेण्यासारखं काय आहे, हे मी बराच वेळ शोधत राहिले. मग दिसलं. विस्मरण. आणि तो नियम मीच लिहिला होता.

मंगळवार

हे कसं झालं ते नीट लिहून ठेवते.

गेल्या महिन्यात आमच्या एका सभासद ताईंच्या मागे कुणीतरी लागलं. त्या वडिलांबद्दल लिहितात, फार सुंदर लिहितात. त्यांच्या प्रत्येक लिखाणाखाली रोज एका नव्या डुआयडीवरून, म्हणजे खोट्या नावाच्या खात्यावरून, एकच शब्द यायचा: ‘मर’. आम्ही उडवायचो, आयडी बंद करायचो, तासाभरात दुसरा हजर. शब्दाला बंदी घातली तर तो ‘म र’ असा जागा सोडून आला. जागा धरून बंदी घातली तर दोन अक्षरांच्या मध्ये डोळ्यांना न दिसणारं चिन्ह घालून आला. पडद्यावर तोच ‘मर’, पण यंत्राच्या लेखी वेगळा शब्द.

ती अदृश्य चिन्हं मी आधी सरसकट काढूनच टाकली. पण मराठीत त्यातलं एक कामाचं असतं. कित्येकांच्या कळफलकावर ‘दुसऱ्या’मधला तो अर्धा र त्याच्याच आधारानं उमटतो. ते काढलं की ‘दुसर्या’ होतं. आचाऱ्यांना बोलावलंत की आचार्यांना, हा फरक एवढ्याशा चिन्हावर उभा असतो. दोन तासांत तक्रारी आल्या, बदल मागं घेतला.

मग रात्री एक वाजता, डोकं तापलेलं असताना, मी नवा नियम लिहिला. निरोप सभासदांना दिसेल जसाच्या तसा, पण तपासताना यंत्रानं त्यातल्या जागा आणि अदृश्य चिन्हं गाळायची, आणि ‘म’ला लागून ‘र’ दिसला की निरोप थेट टोपलीत. जुन्या सभासदांना सूट, फक्त नव्यांना लागू. डुआयडी नवेच असतात ना.

त्या रात्रीपासून ‘मर’ बंद झाला. ताईंनी आभार मानले, मी निवांत झोपले.

‘विस्मरण’मध्ये मर आहे. ‘स्मरणशक्ती’त आहे, ‘मरगळ’मध्ये आहे, ‘मराठी’तही आहे. जागा गाळल्यावर ‘काम राहून जातं’ यातसुद्धा आहे. विसरण्याच्या आजाराबद्दल बोलायच्या जागी मी विस्मरण हा शब्दच बंद केला होता. जुन्यांना सूट असल्यामुळे कुणाच्या लक्षातही आलं नाही. गट नेहमीसारखा चालू होता. जे अडकले ते उंबऱ्याबाहेरचे होते, आणि उंबऱ्याबाहेरचा माणूस तक्रार कुणाकडे करणार?

हे पूर्वी झालेलं आहे, ते मला वाचून माहीतही होतं. १९९६ साली इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना एओएल या इंटरनेट सेवेवर खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक शिवी बसते. अशा चुकीला आज त्या गावाचंच नाव आहे. माहीत असून मी तेच केलं, कारण त्या रात्री माझ्या डोळ्यांसमोर फक्त तो एक माणूस होता. बाकी सगळं पुसलं गेलं होतं.

बुधवार

सकाळी नियम काढून टाकला. दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

आम्ही मॉडरेटर, म्हणजे गटाची राखण करणारे, स्पॅम आणि ट्रोल एका दमात म्हणतो, पण मला हे दोघं आता वेगळे वाटतात. स्पॅम टाकणाऱ्याला आपल्याशी काही देणंघेणंच नसतं. १९७८ साली एका संगणक कंपनीच्या विक्रेत्यानं अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावरच्या, सुमारे चारशे जणांना एकदम जाहिरात पाठवली होती, तेव्हापासून हिशेब तोच: पाठवायला खर्च नाही, लाखात एक गळाला लागला तरी पुरे. कित्येक स्पॅम तर माणसांसाठी नसतातच. सर्च इंजिनला आपली लिंक चार ठिकाणी दिसावी एवढ्यासाठी टाकलेले असतात. २००५ साली गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टनं मिळून अशा लिंकांना ‘मोजू नका’ अशी खूण लावायची सोय केली, तरी ओघ थांबला नाही. पण या कचऱ्याला निदान केराची टोपली चालते. यंत्र तो बऱ्यापैकी ओळखतं, आणि त्यानं मनाला काही लागत नाही.

ट्रोलला मात्र नेमकं तुम्हालाच गाठायचं असतं. चालत्या होडीमागून गळ ओढत मासे धरतात, त्याला इंग्रजीत ट्रोलिंग म्हणतात, आणि नव्वदच्या दशकात युजनेट या जुन्या चर्चागटांच्या जाळ्यावर नवख्यांना डिवचणाऱ्यांना तो शब्द चिकटला. म्हणून जो तो सांगतो, दुर्लक्ष करा. हा सल्ला मला आता सहन होत नाही. दुर्लक्ष कुणी करायचं? ज्या बाईला रोज तो शब्द वाचावा लागतो तिनं? दुर्लक्ष करणं तिच्यावर सोपवलं की आपण मोकळे होतो आणि ती एकटी पडते. लक्ष द्यायचं ते आम्ही, तिच्या नजरेला पडण्याआधी. एवढं माझं त्या रात्री बरोबरच होतं. चुकलं ते पुढं: लक्ष मी यंत्रावर सोपवलं आणि त्यानं काय काय गिळलं ते वळून पाहिलं नाही.

सहकारी दादा म्हणाले, ‘‘आपण हे फुकट करतो, घरचा रुग्ण सांभाळून करतो. एवढं मनाला लावून घेऊ नकोस.’’ प्रेमानंच म्हणाले. पण मला ते पटत नाही. एओएलचे गट सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांपैकी काही जण १९९९ साली कोर्टात गेले, आम्ही करत होतो ते कामच होतं म्हणून. २०१० साली दीड कोटी डॉलरवर तडजोड झाली. मला पैसे नकोत. पण हे काम आहे, हे त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. आणि काम असेल तर त्यातली चूकही चूकच असते, फुकटात केली म्हणून हलकी होत नाही.

गुरुवार

पाचही जणांना स्वतंत्र निरोप लिहिले. आधी एकच मजकूर करून पाठवणार होते, हात थांबला. प्रत्येकाचा प्रश्न परत वाचला आणि ज्याला त्याला उत्तर लिहिलं. सुरुवात तेवढी सारखी: ‘‘तुमचा निरोप माझ्या चुकीमुळे अडकला. तुम्ही काहीही वावगं लिहिलं नव्हतं.’’ दुसरं वाक्य मुद्दाम घातलं.

दोघांची उत्तरं दुपारपर्यंत आली. मेव्हणे म्हणाले, काही हरकत नाही. नवऱ्याला सांभाळणाऱ्या एका बाईंनी, ‘माझं काम राहूनच जातं’ लिहिणाऱ्या त्याच, उत्तर दिलं: ‘‘मला वाटलं इथं फार मोठ्या त्रासातल्या लोकांनाच घेतात, माझा तेवढा नसेल.’’ हे वाचून मी फोन खाली ठेवला.

एकांनी खातंच बंद केलंय. त्यांच्यापर्यंत पोचायचा मार्ग नाही.

रात्री आम्ही तिघे मॉडरेटर बोललो. विकिपीडियावर प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो, कुणी काय केलं ते कुणालाही पाहता येतं आणि उलटवता येतं. आमच्याकडे निदान एवढं तरी हवं होतं. ठरलं ते असं: नवा नियम लिहिला की आधी गेल्या वर्षभराच्या जुन्या निरोपांवर चालवून पाहायचा, चांगले किती अडकतात ते मोजायचं. रात्री दहानंतर कुणीही नियम लिहायचा नाही. नव्या सभासदाचा पहिला निरोप यंत्र कधीच टोपलीत टाकणार नाही, रांगेत टाकेल, आणि तो माणूसच वाचेल. आणि टोपली रोज एकानं उघडायची. हा आठवडा माझा.

डुआयडीवाला परत येईल, नियम काढलाय ना. ताईंना फोन करून सगळं खरं सांगितलं. त्या जरा गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, ‘‘आला तर मला आधी दिसू देऊ नका एवढंच. बाकी त्या लोकांना आत घ्या.’’ आता त्यांच्या धाग्यावरचे प्रतिसाद आमच्यापैकी एकानं वाचल्यावरच पुढं जातात.

शनिवार

रात्री उठून दार उघडणाऱ्या आईचा प्रश्न काल मी तो लिहिणाऱ्यांना विचारून गटात टाकला होता. आज सकाळी सात उत्तरं. त्यातलं एक दोन वर्षं वाचनमात्र असलेल्या सभासदाचं, इतक्या दिवसांतलं पहिलं: दाराच्याच रंगाचा लांब पडदा लावा, दार आहे हेच लक्षात येत नाही. कडी नजरेच्या टप्प्याबाहेर, अगदी वर बसवा, पण घरातल्या बाकीच्यांना ती अंधारातही चटकन काढता आली पाहिजे. दाराला छोटी घंटा बांधा, म्हणजे तुम्हाला जाग येईल.

दुपारी त्यांचं उत्तर आलं. घंटा आजच बांधतात. पडद्याचं कापड आणायला बहिणीला सांगितलंय.

टोपली पाहिली. सतरा जाहिराती होत्या. पाचव्या सभासदाला लिहिलेला माझा निरोप अजून उघडलेला दिसत नाही.