शिशाविना गरी

कोकणात गरवायला बसलेल्या माणसाला गरी टाकताना फार डोकं चालवावं लागत नाही. दोरीला शिसं बांधलेलं असतं. ते पुढे जातं, दोरी निमूट मागून जाते. फ्लाय फिशिंगमध्ये सगळं उलटं. गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली ‘माशी’ फुंकरीनं उडेल इतकी हलकी. म्हणून वजन दोरीतच असतं आणि फेकायची असते ती दोरी.

त्यामुळे रॉड घेताना आधी नंबर, म्हणजे तो किती वजनाच्या दोरीसाठी आहे ते, बघावा, लांबी मग. ५ नंबरच्या दोरीचे पहिले ३० फूट साधारण ९ ग्रॅम भरतात. तेवढ्या भाराला नीट वाकतो तो ५ नंबरचा रॉड. हिमाचलातल्या तीर्थन नदीतल्या ब्राउन ट्राउटला साडेआठ-नऊ फुटी असा रॉड पुरतो. महसीर माशाला ८ नंबर हवा. नवशिक्यानं ताठ, ‘फास्ट’ रॉडच्या मोहात पडू नये. मध्यम लवचीक रॉड वाकला की मुठीत कळतं; ताठ रॉड काही बोलतच नाही. पैसे वाचवायचेच तर रिळात वाचवा, दोरीत नको.

सराव गवतावर, माशीऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. डांबरावर दोरीचं आवरण खरवडतं. २५-३० फूट दोरी समोर सरळ पसरा, रॉडचं टोक जमिनीलगत ठेवा. टोक वर असेल तर निम्मा जोर ढील गोळा करण्यातच जातो. हळू उचला, वेग वाढवत न्या आणि डोक्यावर बारा धरले तर मागे एकच्या काट्यावर खटकन थांबा. दोरी उडते ती या थांबण्यानं. मग मान वळवून बघा. दोरी मागे उलगडत आली की पुढे. घाई केली तर चाबकासारखा ‘फट्’ आवाज येतो, आणि बऱ्याचदा माशी गेलेली असते. मनगट मागे कलंडत असेल तर रॉडचा बुंधा शर्टाच्या बाहीत खोचा.

पुढे फेकताना सुरुवातीलाच हिसका दिला, तर दोरीचे दोन पदर एकमेकांना ओलांडतात आणि दोरी आणि माशी यांच्यामधल्या बारीक दोऱ्याला गाठ बसते. तिला ‘वाऱ्याची गाठ’ म्हणतात. बिचाऱ्या वाऱ्याचा बहुधा काही संबंध नसतो. घट्ट बसलेली गाठ तशीच ठेवू नका, दोरा कापून नवा लावा. जुना तिथंच तुटतो, तोही मोठा मासा लागल्यावर.

लांब फेकीचं वेड मात्र आवरावं. तीर्थनचा ट्राउट पुष्कळदा पंचवीसेक फुटांवर, दगडाआडच्या संथ पाण्यात असतो. साठ फूट फेकणाऱ्याची दोरी त्याच्या डोक्यावरून जाते.