माघ सरत आला तरी थंडी जाईना

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पहाटे अजून शाल लागते. आज दिवसभर कुळागरात, म्हणजे पोफळींच्या मिश्र बागेतच होते. मानकुराद आंब्याला मोहोर आत्ता कुठे फुटतोय, त्यात रात्री गारठा आणि सकाळी धुकं, म्हणजे भुरी या बुरशीजन्य रोगाची धास्ती आलीच. तुरा उलटून पाहिला तर देठावर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर! पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला 2 ग्रॅम, लगेच फवारून घेतलं. मधमाश्या यायच्या आधी उरकलं, ते महत्त्वाचं. पोफळींना पाणी सोडलं. तांबडी भाजी झकास आलीय. भेंडीचं बी मात्र आज रात्री कोमट पाण्यात भिजत घालणार, गार मातीत ते रुजायला फार वेळ घेतं.

डिचोली-फोंड्याकडच्यांनो, तुमच्या कलमांवर भुरी दिसतेय का? उद्या सकाळी तुरे उलटून बघाच.