ओसूच्या बाजारातलं पायाचं मशीन : नोंद तिसरी

मंडळी, माझं जुनं शिवणाचं मशीन कुणी बनवलं याचा शोध बराच पुढे सरकलाय. आधीच्या नोंदी न वाचलेल्यांसाठी थोडक्यात : जपानमधल्या नागोयाच्या ओसू कान्नोन देवळाच्या आवारात दर महिन्याच्या १८ आणि २८ तारखेला जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथून मी हे मशीन घरी आणलं. सोनेरी नक्षी पुसट झालेली, नाव कुठेच नाही. जपानीत शिवणाच्या मशीनला नुसतं 'मिशिन' म्हणतात, तेही इंग्रजी 'मशीन'वरूनच आलेलं. आपल्याकडे 'आईचं मशीन' म्हटलं की वेगळं सांगावं लागत नाही, अगदी तसंच.

विकणाऱ्या आजोबांनी गोल बॉबिन (खालच्या दोऱ्याची रीळ) दाखवून ठामपणे 'जानोमे' कंपनीचं असं सांगितलं होतं. जानोमे म्हणजे सापाचा डोळा. खालच्या दोऱ्यासाठी होडीसारखी लांबट शटलं सर्रास होती तेव्हा गोल बॉबिन डोळ्यासारखी दिसे, त्यावरून ते नाव आलं. पण गोल बॉबिन काही त्या एकाच कंपनीची नव्हे. माझ्या मशीनची बॉबिन केस डावीकडून उभी बसते, दोऱ्याच्या ताणाच्या चकत्या डाव्या टोकाच्या प्लेटवर आहेत आणि सुईत दोरा उजवीकडून डावीकडे ओवायचा. म्हणजे घराणं सिंगर कंपनीच्या '१५' या नमुन्याचं. सुईही एचए×१ प्रकारची, गावी मशीनच्या कुठल्याही दुकानात मिळते तीच.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात याच ठेवणीवर एचए-१ हा नमुना ठरला आणि वेगवेगळ्या कारखान्यांचे सुटे भाग एकमेकांना बसू लागले. म्हणून एखाद्या भागावर शिक्का सापडला तरी त्यावरून मशीन कुणाचं ते ठरत नाही. अमेरिकेला गेलेल्या मशीनच्या पोटाखाली कारखाना सांगणारे 'जे-ए', 'जे-सी' असे ओतीव आकडे असतात. मी उलटं करून, ब्रश मारून पाहिलं. काही नाही.

मग मशीनचं तेल कापसावर घेऊन खांबाची पुढची बाजू हळूहळू पुसली. (स्पिरिट चुकूनही लावू नका. वरचा लाखेचा थर विरघळतो आणि नक्षी कायमची जाते.) तिसऱ्या कापसाला एक छोटं गोल चिन्ह वर आलं : एकमेकांत गुंफलेली जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) अक्षरं. त्या चिन्हामागचा प्रमाणीकरणाचा कायदा १९४९ चा. म्हणजे वरचं डोकं (स्टँडवर बसणारं शिवणारं यंत्र) त्यानंतरचं, हे नक्की.

पण खरी गंमत स्टँडचा खण पूर्ण बाहेर काढल्यावर झाली. आतल्या लाकडाला फाटक्या कागदी चिठ्ठीचा डावा तुकडा चिकटलेला होता. अक्षरं डावीकडून वाचली तर 'न, शि, मि'. उलटं वाचलं आणि अंगावर काटाच आला : मिशिन! युद्धापूर्वी आडवा मजकूर बऱ्याचदा उजवीकडून डावीकडे छापत, युद्धानंतर ती पद्धत मागे पडली. 'मि'च्या उजवीकडे स्वर लांबवणारी आडवी रेघ, त्यापलीकडे दोन टिंबांचं एक अक्षर आणि मग कागद फाटलेला. ब्रदर या जपानी मशीन कंपनीच्या नावाचं जपानी रूप 'बुराझा' आणि सिंगरचं 'शिंगा'. दोन्हींच्या शेवटी ती रेघ आणि तिच्याआधी टिंबांचं अक्षर! तासभर भिंग घेऊन बसले. आडव्या रेघेला दोन उभ्या रेघा छेदताना दिसतात, म्हणजे 'झा'. 'गा' असता तर वरच्या कोपऱ्यात रेघ वळली असती. ब्रदरचं पहिलं घरगुती मशीन १९३२ चं, तेव्हा काळही जुळतो.

याचा अर्थ स्टँड युद्धापूर्वीचा, बहुधा ब्रदरचा, आणि डोकं नंतर बसवलेलं. लाकडाचीही साक्ष आहे : आत्ताच्या बिजागऱ्यांशेजारी जुनी भोकं लाकडी खुंट्यांनी बुजवून वर रंग दिलाय. मूळचं डोकं वेगळ्या मापाचं होतं. नागोयात ब्रदरचं संग्रहालय आहे, पुढच्या शनिवारी चिठ्ठीचा फोटो घेऊन तिथे जाणार.

तोवर एक विनंती. युद्धापूर्वीचा जपानी स्टँड कुणाकडे असेल तर दोन बिजागऱ्यांच्या मध्यांतलं अंतर मोजून कळवा. माझ्या बुजवलेल्या भोकांशी मला ते ताडून पाहायचंय.