उमेदवारीचा अर्ज भरला

मंगळवार, रात्री

नामांकन समितीला आज होकार कळवला. भौतिकशास्त्र शिक्षक संघटनेच्या उपाध्यक्षपदासाठी मी उभी राहते आहे. फोन ठेवला आणि आधी संघटनेच्या घटनेतलं पदाचं कलम काढून वाचलं. आमच्याकडे उपाध्यक्ष पुढच्या वर्षी नियोजित अध्यक्ष होतो, मग अध्यक्ष, आणि त्यानंतर एक वर्ष माजी अध्यक्ष म्हणून कार्यकारिणीतच राहतो. म्हणजे मत एकदाच मिळतं आणि जबाबदारी चार वर्षांची. नीट रचलेली व्यवस्था आहे. खुर्चीत बसण्याआधी काम शिकायला मिळतं, आणि खुर्ची सोडल्यावर पुढच्या माणसाला वाऱ्यावर टाकता येत नाही.

घरी सांगितलं. मुख्याध्यापिकाबाईंना उद्या सांगेन. तासिका कमी करून मागणार नाही. वर्गात उभं राहणं सुटलं, तर या पदावर बसून मी कोणाच्या वतीनं बोलणार?

शुक्रवार

निवेदन लिहायला बसले. एका पानात मावायला हवं, आणि पहिल्या मसुद्यात सगळे मोठे मोठे शब्द आले: गुणवत्ता, उत्कृष्टता, नवोन्मेष. ते खोडले. मग समोर ठेवलं मागच्या वर्षी एका सदस्य शिक्षिकेनं पाठवलेलं पत्र. ती मूळची रसायनशास्त्राची. शाळेत भौतिकशास्त्राला कोणी नाही म्हणून तो विषय तिच्याकडे आला. तिनं विचारलं होतं, "वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच जागी पोचतो तेव्हा त्याचा वेग शून्य असतो, पण त्वरण शून्य नसतं, हे मला कळतं. मुलांना पटवू कसं? विचारायला इथे दुसरं कोणी नाही."

मी तिला कळवलं होतं की मुलांनाच उलट विचार: त्या क्षणी वेगही शून्य आणि त्वरणही शून्य असेल, तर पुढच्या क्षणी चेंडू काय करील? वेग बदलायला काही कारणच उरलं नाही, तर तो तिथेच अधांतरी राहायला हवा. तो खाली येतो, म्हणजे त्या जागीही ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढं त्वरण खालच्या दिशेनं चालूच आहे. वर्गात कोणीतरी "अरे हो" म्हणेपर्यंत थांब, उत्तर तू देऊ नकोस, असंही लिहिलं होतं.

तिच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मात्र मनातून जात नाही. कितीतरी शाळांमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारी व्यक्ती एकच असते. गणिताच्या शिक्षकांना स्टाफरूममध्ये दुसरा गणितवाला भेटतो, भाषेच्या शिक्षकांना भाषावाला. हिला कोणी नाही. प्रयोगात लंबक पाहिजे तसा हलला नाही, विद्युतमापीचा काटा उलटा गेला, तर विचारायचं कोणाला? अशा शिक्षकासाठी संघटना म्हणजेच सहकारी. माझ्या निवेदनात सांगण्यासारखी गोष्ट एवढीच आहे, बाकीचं तिच्याभोवती आपोआप येईल.

रविवार

काल रात्री उशिरापर्यंत जुनी पानं चाळत होते. अमेरिकेतल्या भौतिकशास्त्र शिक्षकांची संघटना ३१ डिसेंबर १९३० रोजी क्लीव्हलँडला स्थापन झाली. तिथली भौतिकशास्त्रज्ञांची मोठी संस्था तेव्हा संशोधनात बुडालेली होती आणि अध्यापनाकडे लक्ष द्यायला फारशी राजी नव्हती, म्हणून शिकवण्याची तळमळ असलेल्या मंडळींनी वेगळं घर केलं. भारतात डी. पी. खंडेलवाल यांनी १९८४ मध्ये तसंच घर उभं केलं.

या इतिहासातलं माझं सगळ्यात आवडतं नाव अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ मेल्बा फिलिप्स. ओपेनहायमरबरोबर १९३५ मध्ये केलेलं त्यांचं काम अणुगर्भविज्ञानात आजही दोघांच्या नावानं ओळखलं जातं. १९५२ मध्ये कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या सिनेटच्या चौकशी समितीपुढे साक्ष द्यायला नकार दिला म्हणून त्यांची ब्रुकलिन कॉलेजातली नोकरी गेली. कॉलेजनं जाहीर माफी मागितली ती थेट १९८७ मध्ये. पण दरम्यान त्या स्वस्थ बसल्या नव्हत्या. पाठ्यपुस्तकं लिहिली, शिक्षक घडवले, आणि १९६६ मध्ये त्या अमेरिकेतल्या त्याच शिक्षक संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. ज्या बाईला नोकरीवरून काढलं होतं तिला शिक्षकांनी आपलं नेतृत्व दिलं. हे वाचताना दर वेळी ऊर भरून येतो.

आणखी एक गोष्ट निवेदनात घालायचीच असं ठरवलं. १९९२ मध्ये अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बलाच्या संकल्पनेवर एक बहुपर्यायी चाचणी प्रसिद्ध केली. आकडेमोड जवळजवळ नाही, साधे प्रश्न, आणि चुकीचे पर्याय मुलांच्या मनात खरोखर असलेल्या समजुतींवरून घेतलेले. मग १९९८ मध्ये तिथलेच हेक यांनी अशा चाचण्यांचे ६२ अभ्यासक्रमांतल्या ६,५४२ विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र मांडले. सुरुवातीला जे येत नव्हतं त्यातलं शेवटी किती आलं, असं त्यांचं माप. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत ते सरासरी ०.२३ निघालं. जिथे मुलं आपापसात चर्चा करत होती, अंदाज बांधून प्रयोग करत होती, तिथे ०.४८. दुपटीहून जास्त! हे दोन्ही लेख अमेरिकेतल्या त्याच शिक्षक संघटनेच्या नियतकालिकांत आले. सदस्यांच्या वर्गणीवर चालणारी ती पानं नसती, तर हे निष्कर्ष शिक्षकांपर्यंत कधी पोचले असते? म्हणून वर्गणी, छपाई, संपादक मंडळ या रुक्ष वाटणाऱ्या बाबींवर मी निवेदनात मुद्दाम दोन परिच्छेद दिले आहेत.

बुधवार

दुसरे उमेदवार कोण ते कळलं. विद्यापीठातले प्राध्यापक, माझ्या परिचयाचे, अतिशय चांगला माणूस. त्यांनी स्वतःहून फोन केला. "मॅडम, कोणीही निवडून आलं तरी प्रयोगशाळेच्या साहित्याचा प्रश्न आपण दोघांनी मिळून उचलायचा," म्हणाले. मी लगेच हो म्हटलं. मतभेद एकाच जागी आहे. त्यांना अधिवेशन मोठं करायचं आहे, मला ते लहान लहान करून जागोजागी न्यायचं आहे. सुट्टी आणि प्रवासखर्च मिळत नाही म्हणून जी शिक्षिका अधिवेशनाला कधीच येऊ शकत नाही, तिच्या जवळ अर्ध्या दिवसाची कार्यशाळा झाली पाहिजे: हातात तार, बॅटरी, चुंबक, भिंग, आणि शेजारी तोच विषय शिकवणारा माणूस.

शनिवार

आज सदस्यांशी ऑनलाइन संवाद झाला. वर्गणीवर बरेच प्रश्न आले. नव्या शिक्षकांना पहिली काही वर्षं सवलत द्यावी या मतावर मी ठाम राहिले. खजिनदारांनी तूट कशी भरणार विचारलं, ते बरोबरच होतं. नियतकालिकाच्या छापील प्रती फक्त मागणाऱ्यांना पाठवायच्या, बाकीच्यांना डिजिटल, हे माझं उत्तर. त्यातून पूर्ण तूट भरेल असा दावा मी केला नाही. हिशोब मांडून दाखवते म्हटलं, आणि तो मांडायला घेतला आहे.

एका ज्येष्ठ सरांनी विचारलं, "शालेय शिक्षकांवर एवढा भर दिला तर संशोधनाशी नातं तुटणार नाही का?" मी डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ ऑर्स्टेडची आठवण दिली. १८२० साली विद्युतप्रवाहाजवळ होकायंत्राची सुई हलली ती व्याख्यान चालू असताना, विद्यार्थ्यांसमोर. विद्युत आणि चुंबकत्व यांचा संबंध जगापुढे आला तो एका शिकवणाऱ्या माणसाच्या टेबलावरून. शिकवणं आणि शोधणं या दोन वेगळ्या जाती आहेत असं मला कधीच वाटलं नाही. सर काही वेळ गप्प होते, मग म्हणाले, "ठीक आहे, पण विद्यापीठवाल्यांनाही त्या कार्यशाळांत बोलवा." सूचना उत्तम आहे, तशीच्या तशी उचलली.

सोमवार

मतदान सुरू झालं. निकालाला अवकाश आहे, पण कार्यशाळांचं काम त्याच्यावर अवलंबून ठेवायचं नाही असं ठरवलंय. वार्षिक सभेत ठराव कोणत्याही सदस्याला मांडता येतो. मसुदा तयार आहे: एकट्यानं भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या प्रत्येक सदस्याला एक अनुभवी शिक्षक जोडून द्यायचा, आणि वर्षातून किमान एक कार्यशाळा त्याच्या आवाक्यातल्या अंतरावर घ्यायची. अनुमोदक म्हणून त्या प्राध्यापकांनी सही करायचं कबूल केलं आहे. रसायनशास्त्राच्या त्या शिक्षिकेलाही आज मसुदा पाठवला. तिचं उत्तर तासाभरात आलं: दुसऱ्या कलमात "शाळा सुटल्यानंतर" हे शब्द घाला, नाहीतर आम्हाला सोडणार नाहीत. घातले.