चंद्र हुकला तर

दुपारी डोळा लागतो न लागतो तोच भाची वही घेऊन उशाशी येऊन बसली. ‘मावशी, ‘शूट फॉर द मून’चा वाक्यात उपयोग करायचाय.’ डोळे न उघडताच म्हटलं, आधी अर्थ सांग. ‘चंद्राला गोळी घालणे.’

मी हसले नाही. चाळीसेक वर्षांपूर्वी मीही अगदी हेच लिहिलं होतं. बाईंनी लाल शाईने शेजारी एवढंच विचारलं होतं, ‘का? त्याने काय केलं?’ ती वही मग वर्गभर फिरली. त्या मधल्या इवल्याशा ‘फॉर’कडे माझं लक्षच गेलं नव्हतं. तो असला की नुसता नेम. गाळला तर भलतंच, पत्त्यांतल्या हार्ट्सचा डाव: बदामाचे सगळे पत्ते आणि इस्पिकची राणी आपणच ओढून घ्यायची आणि 26 गुणांचा भुर्दंड बाकीच्यांच्या गळ्यात मारायचा. (मला हे एकदाही जमलेलं नाही. राणी येते, एक बदाम निसटतो.)

बाईंनी फळ्यावर मराठी लिहून दिलं, आकाशाला गवसणी घालणे. आता गवसणी म्हणजे तंबोऱ्याची खोळ. तेव्हापासून हा वाक्प्रचार ऐकला की मला कुणीतरी दोऱ्याचं टोक ओलं करून सुईत ओवताना दिसतं. पुढ्यात कापडाचा ढीग, वर मापात न बसणारं आभाळ. तिकडे नेम धरतात, आपण शिवायला घेतो.

इंग्रजीत चंद्राची सगळी पत क्रियापदावर. त्याच्यावर नेम धरलात तर महत्त्वाकांक्षी. तोच मागितलात, त्याच्यासाठी रडलात, तर हट्टी. दुसऱ्याला देऊ केलात तर थापाडे.

इथवर माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती या वाक्प्रचाराला कुणीतरी चिकटवलेल्या शेपटाबद्दल: चंद्र हुकला तरी ताऱ्यांमध्ये जाऊन पडाल! हे भिंतीवर दिसलं की माझं डोकं फिरतं. चंद्र पावणेचार लाख किलोमीटरच्या थोडा पलीकडे. सूर्य वगळला तर सर्वांत जवळचा तारा चार प्रकाशवर्षांहून लांब. गल्लीच्या टोकाचं घर चुकलं म्हणून कुणी दुसऱ्या खंडात पोचत नाही.

हे मी वर्षानुवर्षं तावातावाने सांगत आले. मग कधीतरी लुना 1 या अंतराळयानाबद्दल वाचलं. जानेवारी 1959 मध्ये सोव्हिएत संघाने ते चंद्रावर आदळायलाच सोडलं होतं. इंजिन किती वेळ जळायचं यात जमिनीवरच्या यंत्रणेची चूक झाली आणि यान चंद्राच्या बाजूने सुमारे सहा हजार किलोमीटरवरून निघून गेलं. जे गेलं ते सूर्याभोवती फिरू लागलं. माणसाने बनवलेली सूर्याभोवती फिरणारी ती पहिली वस्तू. सप्टेंबरात लुना 2 नेमकं चंद्रावर जाऊन आदळलं आणि तिथेच संपलं. हुकलेलं अजून फिरतंय, पृथ्वी आणि मंगळाच्या कक्षांच्या मध्ये कुठेतरी. त्याचं एक नाव होतं ‘मेच्ता’. रशियनमध्ये, स्वप्न.

म्हणजे चंद्र हुकून तारा मिळाला होता. एकच, पण मिळाला होता. माझ्या तक्रारीतली हवाच गेली.

हे सगळं मी उठून बसून, हातवारे करत भाचीला सांगितलं. ‘पण सूर्याभोवती तर आपण पण फिरतोय ना?’ ती म्हणाली. ‘काही न हुकवता?’

यावर मला काही सुचलं नाही. तिला मात्र वाक्य सुचलं होतं. मान वाकडी करून तिने ते लिहून काढलं आणि वही माझ्यापुढे धरली.

माय आंट इज शूटिंग फॉर द मून. शी वॉन्ट्स टू स्लीप इन द आफ्टरनून.

व्याकरण बरोबर होतं. मी कूस बदलली.