चौथ्या सीनमधला चहा

मार्च 2025. होळीच्या सुट्टीत गावी आले होते, राळेगाव तालुक्यात. नागपूरला माझा पटकथालेखनाचा कोर्स चालू होता आणि शेतकरी कुटुंबावरच्या 10 मिनिटांच्या फिल्मचा पहिला खर्डा मॅडमना पाठवून झाला होता. आमच्याकडे रेंज फक्त स्लॅबवर येते, तीही पाण्याच्या टाकीला टेकून उभं राहिलं तर. सकाळी सातला तिथंच त्यांचे व्हॉइस मेसेज ऐकले. सगळे मिळून 11 मिनिटं. माझ्या फिल्मपेक्षा एक मिनिट जास्तच.

"एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. तुझी 17 पानं आहेत. दुसऱ्या पानावर लिहिलंस, त्याला कर्जाची आठवण येते. कॅमेऱ्याला आठवण कशी दिसेल? पहिल्याच शॉटमध्ये खुंटीवरचा दोर दाखवलास, तिथंच मला शेवट कळला. आणि आई चार सीनमध्ये आहे, चारही वेळा चहा आणते. तिला दुसरं काही काम नाही का गं?"

बाकीचं निमूट ऐकलं. आईचं मात्र लागलं.

खाली येऊन लॅपटॉप उघडला तो समोरच्या खोलीत, कापसाच्या गंजीला टेकून. डिसेंबरात बाबा कापूस खरेदी केंद्रावर घेऊन गेले होते. तिथं 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, पुढे कपात आणि 12 च्या वर गेला की गाडी परत. आमचा निघाला 14. तेव्हापासून तो घरातच, खिडकीच्या गजांपर्यंत. उन्हं तापली की घरातल्या कापसाची खाज सुटते. मान, कोपरं, पोटऱ्या. रात्री दिवे गेले की चौघांचं खाजवणं ऐकू येतं, आणि खोबरेल तेलाच्या बाटलीचं झाकण. हे मी जन्मापासून ऐकत आलेय आणि 17 पानांत कुणी एकदाही खाजवलं नव्हतं.

आधी दोर काढला. (तो घरात खरंच आहे. गाडीवरचा बोजा आवळायला लागतो.) मग बाबांचं भाषण. दीड पान, "आम्ही जगाला कपडे पुरवतो" वगैरे, यावर टाळ्या पडतील अशी माझी खात्री होती. आईला वाचून दाखवलं. ती सरकीची ढेप फोडत होती.

"तुहे बाबा एवढं बोलले असते त पाह्यजे काय होतं!" म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसत राहिली.

दुपारी खेडा खरेदीवाला आला. गावात फिरून घरूनच कापूस उचलणारा हा व्यापारी दरवर्षीचा, त्यामुळे बाबांनी खुर्ची सरकवली आणि आई "बसा भाऊ, चहा मांडते" म्हणून आत गेली. त्यानं गंजीत कोपरापर्यंत हात घातला, आतला कापूस ओढला, बोटांनी धागा ताणून पाहिला.

"पिवळा पडून राह्यला काकू. सहा हजार आठशे."

हमीभाव लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे 7,521 होता, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. बाबा जमिनीकडे पाहत होते. आतून गॅस बंद केल्याचा आवाज आला. आई दारात येऊन उभी राहिली.

"दूध नासलं भाऊ."

बस. भावाबद्दल एक शब्द नाही. तो उठला, अंगणात गेला, गाडीला किक मारली, पुन्हा बंद केली. दारातूनच म्हणाला, "सात हजार."

आईनं जराशानं विचारलं, "काया चहा चालते का?"

तो हसला आणि आत येऊन बसला. कोरा चहा पिऊन गेला. सौदा झाला नाही, पण पाच दिवसांनी येतो म्हणाला. तो गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन भांड्यावरचं झाकण काढलं. दुधावर बोटभर साय होती. रात्री त्यालाच विरजण लागलं.

मग चारही सीनमधला चहा काढून टाकला आणि एकाच सीनमध्ये ठेवला. खरं तर ठेवलाही नाही, तो येतच नाही. भाषणाच्या जागी अंधारी खोली लिहिली: खाजवण्याचे आवाज, बाटलीचं झाकण, कुणीतरी कूस बदलतं. कागदावर पाच ओळी, पडद्यावर मिनिटभर तरी, म्हणजे पानामागे मिनिट हा हिशेब इथं फसतो. मॅडमना तसं कळवलं. बाबांचं बोलणं माझ्याच लक्षात न येता पुस्तकी झालं होतं, ते वऱ्हाडीत आणलं. आईच्या ओळींना हात लावावा लागला नाही. होत्याच कुठं? आता एक होती.

रात्री साडेबाराला टाकीपाशी उभी राहून 11 पानं पाठवली. सकाळी उत्तर आलं, या वेळी 20 सेकंदांचं.

"'दूध नासलं'च्या नंतर बाबा आईला म्हणतात, बरं केलं. ते काढ."

ते वाक्य मला फार आवडलं होतं. शिवाय बाबा असं काही म्हणालेच नव्हते. ते फक्त मानेवर खाजवत होते.

तेच लिहिलं.